सोडियम म्हणतो, ने ना

चेन्नईला ऋतू तीनच, कमी उन्हाळा, जास्त उन्हाळा आणि फार उन्हाळा, असं बाहेरचे लोक थट्टेनं म्हणतात. इथे राहणाऱ्याला विचाराल तर चौथाही आहे. त्याचं नाव ‘पब्लिक’. पब्लिक म्हणजे दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा. फेब्रुवारी सरता सरता हा ऋतू सुरू होतो. घराघरांतले टीव्ही मुके होतात, पाहुण्यांना मे महिन्याचं आमंत्रण मिळतं, आणि कोपऱ्यावरच्या गणपतीच्या पायांशी हॉल तिकिटं आणि निळी पेनं ठेवून पुजाऱ्याकडून परत घ्यायला आयांची रांग लागते. नेमका तेव्हाच कडुनिंब फुलतो.

परवा सकाळी आमच्या अण्णा नगरातल्या रस्त्यावर तो बारीक पांढरा सडा पहिल्यांदा दिसला. खालच्या मजल्यावरच्या सगुणाबाईंनी लगेच जुनी साडी काढून झाडाखाली पसरली. ही फुलं वाळवायची, तुपात परतायची आणि वर्षभर रसममध्ये घालायची. सगुणाबाईंचे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून साडीची दोन टोकं मी धरते. फुलांच्या वासानं लोकांना काय काय आठवतं. मला आवर्त सारणी आठवते, आणि तिच्यातला अकरावा.

ते दोन हजार सालानंतरचं पाचवं-सहावं वर्ष असेल. तो मार्च मी माझा इथला शेवटचा मार्च समजून काढत होते. कऱ्हाडच्या मराठी शाळेत मी विज्ञान शिकवत असे. लग्नानंतर अविनाशला इथल्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली आणि शाळेनं मला एक वर्षाची बिनपगारी रजा दिली. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी हजर झाले नाही तर जागा गेली, हे मुख्याध्यापकांनी निघतानाच बजावलं होतं. मी हजर होणारच होते. अविनाशनं पुढेमागे पुण्याकडे बदली बघायची, तोवर दोघांनी दोन गावी राहायचं, असं ठरलं होतं.

खरं सांगायचं तर मला इथून पळायचंच होतं. अविनाश कंपनीच्या बसनं उजाडताना जायचा तो दिवेलागणीनंतर यायचा. मला तमिळ यायचं नाही. दुकानात मी बोट दाखवून वस्तू मागायची, आणि दुकानदार बोटाच्या रेषेतलं नेमकं शेजारचं काढून द्यायचा. मेथी हवी असताना दोनदा धने आणले. वर्गात एका दमात बोलणारी मी, दिवसचे दिवस कुकरच्या शिट्टीशिवाय कुणाचा आवाज न ऐकता काढायची. रात्री अविनाश आला की मी इतकं बोलायची की तो घास हातात धरून नुसता बघत राहायचा.

घर मात्र भाग्यानं मिळालं होतं. बघायला आलो तेव्हा पाटीवर नुसतंच ‘राव’ होतं. मी स्वयंपाकघरात नळ फिरवला, तो कोरडा. मी अविनाशच्या कानाशी लागून म्हणाले, “घर छान आहे रे, पण बाईच्या नळाला पाणी येत असेल का?”

दारातल्या नऊवारी नेसलेल्या बाई गंभीरपणे म्हणाल्या, “येतें हो, येतें. पहांटे येतें. घागरी भरून ठेवायच्या.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगुणाबाईंचं घराणं तंजावरकडचं. कित्येक पिढ्यांमागे मराठी माणसं तिकडे गेली आणि भाषा सोबत घेऊन गेली. त्यांच्या घरात ‘मला’ नाही, ‘मज’. ‘इथे’ नाही, ‘येथ’. मधूनच ‘अय्यो’, ‘हो’ म्हणायला ‘आमा’, आणि वाक्याचा हेल सगळा तमिळ. पहिल्यांदा ऐकताना पोथीतली बाई भाजी निवडत बोलते आहे असं वाटायचं.

दिवाळीनंतर एक दिवस त्या वर आल्या. मागे दोन वेण्या घातलेली, नखं खाणारी मुलगी. “ही आमची वसू. टेन्थ आहे. बाकी सगळं बरें करते, केमिस्ट्रीत पडते. तुम्ही शाळेंत शिकवत होतां म्हणें. मराठींतून सांगून पाहा हो, कदाचित उमजेल.”

अभ्यासात पडते म्हणजे नापास होते, हे मला जरा वेळानं कळलं.

मराठीतून सांगणं इतकं सोपं नव्हतं. वसूची शाळा इंग्रजी, रस्ता तमिळ आणि घर तंजावरी मराठी. माझं रसायनशास्त्र मात्र पक्कं कऱ्हाडचं. ‘अणू’ म्हटलं तेव्हा तिनं मान डोलावली, तमिळातही अणूच. मी हुरूप येऊन पुढे म्हणाले, “आणि एकाच प्रकारच्या अणूंचं जे बनतं ते मूलद्रव्य.”

“द्रव्य म्हणजे पैसे ना, अक्का? मूलद्रव्य म्हणजे बिझनेसला घालतात तें?”

अक्का म्हणजे थोरली बहीण, त्यांच्याकडेही आणि आमच्या कऱ्हाडकडेही. मला त्या गावात नात्यानं हाक मारणारी ती पहिलीच. मी हसू दाबलं आणि एलेमेंट म्हणून सांगितलं. तेव्हा तिनं मला तमिळ शब्द शिकवला, ‘तनिमम्’. तनि म्हणजे वेगळं, एकटं. ज्याच्यात दुसरं काही मिसळलेलं नाही ते तनिमम्. शब्द मला फार आवडला. वरच्या मजल्यावर दिवसभर जी एकटी बसलेली असते तिला इथे काय म्हणतात, ते मला समजलं.

मग रोज संध्याकाळी आम्ही गच्चीच्या जिन्यावर बसू लागलो. मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. भोवती इलेक्ट्रॉनची कवचं. पहिल्या कवचात दोन मावतात, दुसऱ्यात आठ. बाहेरच्या कवचात आठ झाले की अणू तृप्त, मग त्याला कुणाकडून काही नको आणि कुणाला काही द्यायचंही नको. तो नियॉन. दोन आणि आठ, दहा जण, घर भरलेलं, दार बंद. आणि त्याच्या लगेच पुढचा सोडियम. दोन, आठ आणि बाहेर एकटा एक.

वसूला चित्राशिवाय उमजत नसे आणि वहीत ती चित्र काढायचा कंटाळा करी. एका रविवारी तिनं आईच्या कोलमचं पीठ घेतलं आणि दारासमोर अंगणात सोडियम काढला. मधे गोळा, पहिल्या गोलावर दोन ठिपके, दुसऱ्यावर आठ, तिसऱ्यावर एक. सगुणाबाई बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. कोलममध्ये ठिपके मांडून त्यांच्याभोवती रेघ फिरवायची असते, आणि एकही ठिपका रेघेबाहेर उघडा ठेवायचा नसतो. त्या म्हणाल्या, “ती एक पुळ्ळी कां बाहेर एकटी टाकलीस? घराला बरें नव्हे तें.”

“अम्मा, ती तशीच असते. ती जाणार आहे.”

“कोठे जाणार?”

“क्लोरिनकडे.”

सगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पोरीला काय शिकवते आहे ही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

दुपारी वसू जिना धडधडत वर आली. “अक्का, खाली या, लौकर! सोडियम आयन झाला!” तांदळाच्या पिठाला मुंग्या लागल्या होत्या आणि त्यांनी नेमका बाहेरचा एक ठिपका साफ केला होता. आतले दहा जागच्या जागी. इतक्या वर्षांत इतकं सुंदर प्रात्यक्षिक माझ्या हातून कधी झालं नव्हतं. मी तिथेच उन्हात उकिडवी बसले आणि विचारलं, “मग आता त्याच्यावर खूण कसली? प्लस की मायनस?”

“मायनस. एक गेला ना.”

इथे सगळीच मुलं अडतात. गेला म्हणजे उणा झाला, असंच कुणालाही वाटणार. मी तिला मुठीत शेंगदाणे घेऊन दाखवलं. केंद्रकात अकरा प्रोटॉन, ते धन. बाहेर अकरा इलेक्ट्रॉन, ते ऋण. बरोबरी. आता ऋणातला एक गेला. धन अकरा, ऋण दहा. कोण वरचढ? ती ओठ चावत बसली. तेव्हा मला मराठीनंच हात दिला. म्हटलं, “वसू, आमच्या पुस्तकात प्लसला धन म्हणतात आणि मायनसला ऋण. सोडियमनं दिला, तो धन झाला. क्लोरिननं घेतला, तो ऋण झाला. देणारा धन, घेणारा ऋणी. आता विसरशील?”

तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. “अय्यो,” ती म्हणाली, “हें इंग्लिशात कां सांगत नाहीत?”

तिची पाठांतराची तऱ्हाही न्यारी. पहिल्या वीस मूलद्रव्यांच्या खुणा ती सरळ अक्षरं समजून एका सुरात म्हणायची. ह हे लि बे, ब क न ओ, फ नी ना... आणि ‘नी’ला बोट माझ्याकडे, ‘ना’ला स्वतःकडे. मी विचारलं तर म्हणाली, तमिळात ‘नी’ म्हणजे तू आणि ‘ना’ म्हणजे मी.

“मला तू म्हणतेस? लाज नाही वाटत?”

“आदरानं ‘नींग’ म्हणायचं असतं. पण मग नियॉनला नींगॉन म्हणावं लागेल, अक्का.”

मी इतकी हसले की खालून सगुणाबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मग मी तिला माझं सांगितलं. त्या दोन खुणा, नियॉनची आणि सोडियमची, शेजारी वाचल्या की मला ‘ने ना’ दिसतं. बाजाराला निघालेल्या आईचा पदर धरून आमच्याकडे पोरं म्हणतात ना, मला ने ना, तसं. सोडियम आपल्या त्या एकट्या इलेक्ट्रॉनला घेऊन दारोदार फिरतो आणि म्हणतो, ने ना, कुणीतरी ने ना. क्लोरिनच्या घरी आठातला एक कमीच असतो, तो म्हणतो, ये. झालं मीठ. आमच्या बोअरचं पाणी खारट होतं, ते ओठाला लागलं की वसू म्हणायची, “अक्का, क्लोरिननं नेला बघा.”

फेब्रुवारीपर्यंत वसूला सगळं येऊ लागलं. मला वाटत होतं तितकी ती कच्ची नव्हतीच, कुणी तिच्या भाषेत तिच्याशी बोललं नव्हतं इतकंच. तशी मीही त्या घरात बोलू लागले होते. दुकानदार आता मेथी द्यायचा.

पाडवा आला तो परीक्षेच्या ऐन तोंडावर. मी वर गुढी उभारली, खालून सगुणाबाई कडुनिंबाची फुलं, गूळ आणि कैरी कालवून वाटी घेऊन आल्या. आम्ही पानं खातो, त्या फुलं खातात. वसू मागे पायरीवर बसून कैरीची कोय चोखत होती. सगुणाबाईंनी विचारलं, “जूनला जातेस म्हणें?” एव्हाना त्या मला अगं-तुगं करू लागल्या होत्या.

“जूनला कशाला? सायन्सचा पेपर झाला की दुसऱ्याच दिवशी निघते. तिकीट काढलंय,” मी म्हणाले. “ही एकदा पार झाली की मी मोकळी.”

वसूनं कोय कुंडीत टाकली आणि खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सहज विचारलं, “सोडियमचा आयन?”

“मायनस.”

मला वाटलं जीभ घसरली. समजावून सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं. त्यानंतरच्या दिवशी पुन्हा मायनस. मी शेंगदाणे काढले, ठिपके काढले, मुंग्यांची आठवण दिली. आमा, आमा, कळ्ळं, म्हणाली. दुसऱ्या दिवशी मायनस. पेपर आठवड्यावर आलेला. माझी झोप उडाली. पाच मार्कांचा प्रश्न हमखास येतो, आणि पोरीच्या डोक्यातून मूळच निसटलं. रात्री अविनाशला म्हटलं, मी शिकवलेलंच चुकलं असणार. तो म्हणाला, “परीक्षा तिची आहे की तुझी?”

पेपरच्या दोन दिवस आधी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली कुंपणाच्या भिंतीवर वसू आणि शेजारची मैत्रीण. मैत्रीण काहीतरी अडून विचारत होती, आणि वसू तमिळमध्ये इंग्रजी आणि मराठी कालवून तिला सांगत होती. सगळं कळण्याइतकं तमिळ मला येत नव्हतं, पण इतकं नक्की कळलं. “प्लस! प्लस! अकरा प्रोटॉन, दहा एलेक्ट्रॉन. देणारा धन!” तिच्या आवाजात तीळभर शंका नव्हती.

मी ओली चादर हातात धरून उभी राहिले. चादरीचं पाणी पायांवर गळत होतं. आधी मला राग आला. मग जे कळलं ते एकदम कळलं. ही पार झाली की मी मोकळी, असं मीच म्हणाले होते. म्हणून ती पार होत नव्हती. घरची माणसं प्रेम करतात, ती करणारच. पण कुणी मला धरून ठेवण्यासाठी रोज संध्याकाळी ठरवून चुकावं, असं माझ्या वाट्याला आजवर आलं नव्हतं. मी चादरीत तोंड घातलं आणि पोटभर रडले.

तिला मी काहीच बोलले नाही. त्या संध्याकाळी पुन्हा विचारलं, “सोडियम?” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मायनस.” मी पुन्हा शेंगदाणे काढले. पहिल्यापासून सगळं सांगितलं, सावकाश. तिनंही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. उरलेले दोन दिवस आम्ही दोघी ते सोंग अगदी मनापासून वठवत होतो.

एकच धाकधूक होती, हट्टाला पेटून पोरीनं पेपरातही मायनस लिहिलं तर? सायन्सच्या दिवशी दुपारी मी फाटकाशीच उभी होते. ती घामानं निथळत आली, हातात गुंडाळलेली प्रश्नपत्रिका.

“आला होता का?”

“आमा. फाइव्ह मार्क.”

“काय लिहिलंस?”

“प्लस.”

“आणि माझ्यासमोर रोज मायनस?”

ती चपलेनं कडुनिंबाची फुलं एका जागी गोळा करत राहिली. मग म्हणाली, “तेथ कशाला चुकूं, अक्का? तेथ तुम्ही कोठे होतां?”

दुसऱ्या दिवशी मी गेले. ठरल्याप्रमाणे, सामानासकट. स्टेशनवर सगुणाबाई आणि वसू दोघी आल्या होत्या. सगुणाबाईंनी वाळलेल्या कडुनिंबाच्या फुलांची पुडी दिली, कऱ्हाडला कडुनिंब नसल्यासारखी. गाडी हलली तेव्हा वसूनं खिडकीतून माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे. “नी, ना,” असंच ती म्हणाली असणार. गाडीच्या खडखडाटात मला ते ‘ने ना’ असं ऐकू आलं. ती कुठल्या भाषेत म्हणाली, ते मी अजून तिला विचारलेलं नाही.

कऱ्हाडला गेल्यावर मी शाळेत जाऊन आले. मेची सुट्टी, वर्ग रिकामे. माझ्या वर्गातला आवर्त सारणीचा तक्ता एका खिळ्यावर लोंबत होता. मी तो नीट लावला, बाकावर बसले आणि पुष्कळ वेळ त्याच्याकडे बघत राहिले. जागा माझी होती, भाषा माझी होती, घर हाकेवर होतं. आणि माझं लक्ष सगळं अकराव्या चौकोनात. त्या दिवशी मी राजीनामा लिहिला. मुख्याध्यापक हळहळले, आईनं अबोला धरला. अविनाशला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “माझ्यासाठी येत नाहीयेस. त्या सोडियमसाठी येतेयस.” आवाजावरून मात्र तो भलताच खूश होता.

तेव्हापासून मी इथेच आहे, त्याच वरच्या मजल्यावर. जवळच्या शाळेत केमिस्ट्री शिकवते, मुलं मला ‘मिस’ म्हणतात आणि माझ्या तमिळला हसतात. दर वर्षी सोडियमपाशी आले की मी मुद्दाम थांबते, आणि सगळा वर्ग एका आवाजात चुकतो. खरं चुकणारी ही पोरं मला फार आवडतात. एखादी उगीच चुकते का, हेही मी बारकाईनं बघते.

वसूला तिला हवा तो सायन्स ग्रूप मिळाला, दोन वर्षं ती त्यात रमली, आणि पुढे झाली चार्टर्ड अकाउंटंट. आता ऑकलंडला असते. केमिस्ट्रीशी तिचा संबंध भाजीत मीठ घालण्यापुरता उरला आहे. तिथे मार्चमध्ये पानगळ सुरू होते म्हणे. कडुनिंब नाही. दोन-दोन वर्षं येणं होत नाही. आईशी ती रोज बोलते, माझ्याशी अधूनमधून, आणि मध्ये कितीही खंड पडला तरी मार्चमध्ये न चुकता.

आज सकाळी फुलं वेचून वर आले तर फोन वाजत होता. पलीकडे तिच्या मुलाचा आरडाओरडा, भांड्यांचा आवाज. तिकडे संध्याकाळ झालेली, तिला स्वयंपाक उरकायची घाई होती, हे आवाजातच कळत होतं. “अक्का, अम्मानं फोटो धाडला. फुलं पडली म्हणें,” ती म्हणाली. मी हो म्हणाले. ती आता फोन ठेवणार, असं वाटलं.

“अक्का,” ती म्हणाली, “सोडियम?”

मुठीतली फुलं मी टेबलावर ठेवली.

“मायनस,” मी म्हणाले.

पलीकडे मुलाचा आवाज लांब गेला. दार लोटल्याचं ऐकू आलं. “अय्यो अक्का, किती वेळां सांगूं तुम्हांस? नीट ऐका हां,” ती म्हणाली, आणि अकरा प्रोटॉनपासून सावकाश सांगायला लागली. मी खुर्ची ओढून बसले.